लो-कोडद्वारे सॉफ्टवेअर स्वनिर्मिती (जपान)

लो-कोडद्वारे सॉफ्टवेअर स्वनिर्मिती म्हणजे पूर्वी बाहेरच्या कंत्राटदार कंपनीकडून करवून घेतले जाणारे सॉफ्टवेअर विकासाचे काम, अत्यल्प प्रोग्रॅमिंग लागणाऱ्या साधनांच्या साहाय्याने संस्थेने आपल्याच कर्मचाऱ्यांकडे परत आणणे होय. जपानमध्ये काम असे घरी आणण्याच्या प्रक्रियेस नाइसेइका असे म्हणतात. जपानमधील बहुसंख्य संगणक अभियंते वापरकर्त्या संस्थांत नव्हे, तर सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांत नोकरीस असतात. त्यामुळे बँका, कारखाने, रुग्णालये आणि नगरपालिका यांना स्वतःच्या प्रणालीत लहानसा बदल करण्यासाठीही दीर्घकाळ कंत्राटदारावर अवलंबून राहावे लागत होते. २०१८ साली जपान सरकारने प्रसिद्ध केलेल्या एका अहवालानंतर आणि २०२० मधील कोविड-१९ साथीच्या अनुभवानंतर या विषयाला विशेष महत्त्व आले. लो-कोड साधनांमुळे आज्ञावली लिहिण्याचे श्रम कमी होतात. मात्र आपले काम नेमके कसे चालते याचे ज्ञान आणि तयार झालेल्या प्रणालीची जबाबदारी संस्थेला स्वतःच स्वीकारावी लागते. ते न झाल्यास जुन्या परावलंबनाच्या जागी नवे परावलंबन उभे राहते.

## संज्ञा

नाइसेइका हा शब्द आत, निर्मिती आणि करण अशा अर्थाच्या तीन चिन्हांनी बनलेला आहे. तो मूळचा कारखानदारीतील आहे. एखादा सुटा भाग पुरवठादाराकडून विकत न घेता आपल्याच कारखान्यात बनवणे म्हणजे नाइसेइ. बाहेर काम देण्यास गाइचू म्हणतात. गरजा न ठरवता, देखरेख न करता संपूर्ण काम कंत्राटदाराच्या गळ्यात टाकण्यास मारुनागे असा टीकात्मक शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'अख्खेच्या अख्खे फेकणे' असा होतो.

लो-कोड ही संज्ञा फॉरेस्टर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१४ साली रूढ केली. या प्रकारच्या साधनांत पडद्यावरील रकाने, विदा साठवणारे तक्ते, मंजुरीचे टप्पे आणि सूचना हे घटक चित्ररूपाने जोडून प्रणाली तयार होते. आवश्यक तेथे थोडे प्रोग्रॅमिंग करता येते. ज्यात प्रोग्रॅमिंगची मुळीच अपेक्षा नसते अशा साधनांना नो-कोड म्हणतात. प्रत्यक्ष वापरात या दोहोंतील सीमारेषा धूसर आहे.

## पार्श्वभूमी

### कंत्राटी रचनेचा उदय

१९८० च्या दशकात जपानमधील अनेक मोठ्या कंपन्यांनी आपले संगणक विभाग वेगळे काढून त्यांच्या उपकंपन्या स्थापन केल्या. दूरध्वनी कंपनी एनटीटीच्या विदासंचार विभागातून १९८८ साली एनटीटी डेटा ही कंपनी निर्माण झाली. १९९० च्या दशकात मालमत्तेच्या किमतींचा फुगा फुटल्यावर खर्चकपातीसाठी संगणकविषयक कामे आणखी मोठ्या प्रमाणात बाहेर गेली.

यामागे श्रमव्यवस्थेचेही कारण आहे. मोठी प्रणाली उभारताना काही महिने पुष्कळ अभियंते लागतात आणि काम संपताच ती गरज ओसरते. जपानमध्ये कायमस्वरूपी कर्मचाऱ्यास कामावरून कमी करणे कठीण असल्याने हा चढउतार कंत्राटदाराने सोसावा, अशी व्यवस्था सोयीची ठरली. तेथे अशा कंत्राटदारांना एसआयअर म्हणतात. मुख्य कंत्राटदार कामाचे भाग पाडून ते दुय्यम कंत्राटदारांना आणि ते पुढे तिसऱ्या पातळीवरील कंपन्यांना देतात. बांधकाम व्यवसायाशी असलेल्या साम्यामुळे या रचनेची तुलना तेथील बड्या बांधकाम ठेकेदारांशी केली जाते. कामाची किंमत सामान्यतः निंगेत्सू, म्हणजे एका माणसाचे एका महिन्याचे काम, या एककात मोजली जाते. या हिशेबात काम लवकर आटोपणाऱ्या कंत्राटदारास कमी मोबदला मिळतो, असा आक्षेप घेतला जातो.

जपानच्या माहिती तंत्रज्ञान प्रोत्साहन संस्थेने २०१७ च्या श्वेतपत्रिकेत दिलेल्या २०१५ सालच्या आकडेवारीनुसार जपानमधील सुमारे ७२ टक्के माहिती तंत्रज्ञान अभियंते सॉफ्टवेअर पुरवठादार कंपन्यांत होते. अमेरिकेत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. तेथील उर्वरित अभियंते वापरकर्त्या संस्थांतच काम करत होते.

### न्यायालयीन वाद

काम पूर्णपणे बाहेर सोपवण्यातील धोके काही गाजलेल्या खटल्यांत उघड झाले. सुरुगा बँकेची नवी मध्यवर्ती प्रणाली पूर्ण न झाल्याने बँकेने आयबीएम जपानविरुद्ध २००८ मध्ये दावा लावला. टोकियो उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आयबीएम जपानला सुमारे ४२० कोटी येन भरपाई देण्याचा आदेश दिला.

याउलट होक्काइदोमधील असाहिकावा वैद्यकीय विद्यापीठ आणि एनटीटी ईस्ट यांच्या रुग्णालय प्रणालीसंबंधीच्या वादात सप्पोरो उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ग्राहकालाच दोषी ठरवले. गरजांची यादी गोठवण्याचे मान्य करूनही रुग्णालयाकडून नव्या मागण्या येत राहिल्या. ग्राहकाचेही सहकार्याचे कर्तव्य असते आणि ते पाळले गेले नाही, असे न्यायालयाने मानले. विद्यापीठास १४१ कोटी येनहून अधिक रक्कम देण्याचा आदेश झाला. काम दुसऱ्याकडे दिले तरी आपल्याला काय हवे आहे हे ठरवण्याची जबाबदारी दुसऱ्याकडे जात नाही, हा मुद्दा या निकालामुळे ठळक झाला.

### २०२५ चा कडा

अर्थ, व्यापार व उद्योग मंत्रालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये डिजिटल परिवर्तनाविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. जुन्या, गुंतागुंतीच्या आणि आतून कोणालाच न समजणाऱ्या प्रणाली तशाच राहिल्यास २०२५ नंतर दरवर्षी कमाल १२ लाख कोटी येनचे आर्थिक नुकसान होऊ शकते, असा इशारा त्यात होता. या संकटास अहवालाने '२०२५ चा कडा' असे नाव दिले. २०२५ पर्यंत माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात सुमारे ४ लाख ३० हजार मनुष्यबळाची तूट पडेल, असाही अंदाज त्यात होता. प्रणालीचे ज्ञान कंत्राटदाराकडे आणि निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे अडकून पडले आहे, हे या अहवालातील मुख्य निदानांपैकी एक होते.

## साधनांचा इतिहास

व्यावसायिक प्रोग्रॅमरशिवाय प्रणाली तयार करण्याची कल्पना नवी नाही. ब्रिटिश लेखक जेम्स मार्टिन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभीच तिचा पुरस्कार केला होता. १९९० च्या दशकात लोटस नोट्स, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस आणि एक्सेलमधील मॅक्रो यांच्या आधारे जपानी कार्यालयांत कर्मचाऱ्यांनी असंख्य लहान प्रणाली बनवल्या. बनवणारा कर्मचारी बदलून गेल्यावर त्यांतील पुष्कळ प्रणाली दुरुस्त करता येईनाशा झाल्या. आजच्या लो-कोड चळवळीकडे सावधपणे पाहणारे या अनुभवाचा दाखला देतात.

परदेशी साधनांपैकी उरुग्वेमधील जेनेक्सस आणि इस्रायलमधील मॅजिक यांचा जपानमध्ये बराच वापर झाला. पोर्तुगालमध्ये २००१ साली स्थापन झालेली आउटसिस्टम्स आणि नेदरलँड्समध्ये २००५ साली स्थापन झालेली मेंडिक्स यांची साधने मोठ्या प्रणालींसाठी वापरली जातात. सुमितोमो इलेक्ट्रिक या तारा व केबल बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या कामासाठी घडवलेले राकुराकू फ्रेमवर्क हे साधन पुढे तिच्या संगणक उपकंपनीने बाजारात आणले.

सर्वसामान्य कर्मचाऱ्यांत सर्वाधिक परिचित झालेले जपानी साधन म्हणजे सायबोझू कंपनीचे किंटोन. ही कंपनी १९९७ साली एहिमे प्रांतातील मात्सुयामा येथे स्थापन झाली आणि किंटोन २०११ मध्ये उपलब्ध झाले. वानरराज सुन वुकोंग याच्या उडत्या ढगाच्या जपानी नावावरून हे नाव घेतले आहे. मायक्रोसॉफ्टचे पॉवर ॲप्स २०१६ पासून उपलब्ध आहे. ॲपशीट ही कंपनी गूगलने २०२० मध्ये विकत घेतली.

## कार्यपद्धती

पारंपरिक कंत्राटी पद्धतीत गरजांची निश्चिती, ढोबळ आराखडा, तपशीलवार आराखडा, प्रोग्रॅमिंग आणि चाचणी हे टप्पे एकामागून एक येतात. प्रत्येक टप्प्यावर कागदपत्रे आणि स्वाक्षऱ्या लागतात. खरेदीच्या मागणीपत्रात एक रकाना वाढवायचा असला, तरी अंदाजपत्रक, मंजुरी आणि वेळापत्रक यांत आठवडे जातात. लो-कोड साधनात तोच रकाना काम करणारी व्यक्ती स्वतः जोडू शकते, सहकाऱ्यांना लगेच दाखवू शकते आणि न रुचल्यास काढू शकते. गरजा आधी कागदावर पूर्णपणे सांगण्याऐवजी वापरता वापरता त्या स्पष्ट होत जातात.

जपानमध्ये ही स्वनिर्मिती प्रामुख्याने तीन प्रकारे केली जाते.

* विभागीय स्वनिर्मिती: लेखा, विक्री, गोदाम, मनुष्यबळ अशा विभागांतील कर्मचारी स्वतःच्या कामासाठी लहान प्रणाली बनवतात. अशा कर्मचाऱ्यांना सिटिझन डेव्हलपर म्हणतात. कागदी नोंदवह्या, ईमेलवरून फिरणारे एक्सेलचे तक्ते आणि शिक्क्यांच्या मंजुऱ्या ही कामे यासाठी प्रथम निवडली जातात.
* संगणक विभागाची स्वनिर्मिती: संस्थेचा संगणक विभाग आउटसिस्टम्स किंवा जेनेक्सस यांसारखे साधन शिकून मोठ्या प्रणाली कमी मनुष्यबळात उभारतो. येथे बनवणारे व्यावसायिक असतात. साधनामुळे फक्त त्यांचा वेग वाढतो.
* सोबतीने स्वनिर्मिती: बाहेरचा तज्ज्ञ काम करून देत नाही, तर कर्मचाऱ्यांना ते करता येईपर्यंत सोबत राहतो. याला बान्सो म्हणतात. दृष्टिहीन धावपटूबरोबर दोरी धरून धावणाऱ्या सोबत्यासाठीही हाच शब्द वापरला जातो. काही कंपन्या ग्राहकासमोर बसून ठरावीक बैठकांत आणि ठरावीक रकमेत प्रणाली तयार करतात. त्यांना निंगेत्सूचा हिशेब लावला जात नाही.

सर्वच कामे लो-कोडला योग्य नसतात. बँकेची मध्यवर्ती खाती, उत्पादन नियंत्रण किंवा वेतन यांसाठी तयार पॅकेज किंवा पारंपरिक विकासच सामान्यतः वापरला जातो. मुख्य प्रणाली न बदलता तिच्याभोवतीची, वारंवार बदलणारी कामे लो-कोडवर आणणे ही प्रचलित विभागणी आहे. अशा वेळी दोहोंमध्ये विदेची देवाणघेवाण कोठे आणि किती वेळाने होईल, हे आधी ठरवावे लागते.

## उदाहरणे

### नगरपालिका

२०२० च्या वसंत ऋतूत जपान सरकारने प्रत्येक रहिवाशास १ लाख येनचे विशेष अनुदान जाहीर केले आणि वाटपाची जबाबदारी नगरपालिकांवर आली. ओळखपत्राच्या आधारे केलेल्या ऑनलाइन अर्जांतील तपशील कुटुंबाच्या नोंदींशी हाताने ताडून पाहावे लागत असल्याने कामाचा प्रचंड ताण निर्माण झाला आणि काही नगरपालिकांनी ऑनलाइन अर्ज घेणेच थांबवले.

ह्योगो प्रांतातील काकोगावा शहराच्या कर्मचाऱ्यांनी किंटोनच्या आधारे पर्यायी व्यवस्था तयार केली. टपालाने पाठवलेल्या अर्जावरील क्रमांक वापरून नागरिकांना संकेतस्थळावर माहिती भरता येऊ लागली. अर्ज आधीच घरनिहाय नोंदींशी जोडलेला असल्याने ताडणीचे काम कमी झाले. त्याच प्रांतातील कोबे शहरात आपला अर्ज कोठवर आला, असे विचारणाऱ्या दूरध्वनींचा ओघ सुरू होता. तेथील एका कर्मचाऱ्याने मायक्रोसॉफ्टच्या लो-कोड साधनांनी सुमारे एका आठवड्यात अर्जाची स्थिती दाखवणारी सेवा उभारली. कंत्राटाची निविदा काढण्यासच याहून अधिक काळ लागला असता. या दोन्ही ठिकाणी अडचण नेमकी कोठे आहे हे काम करणाऱ्यालाच ठाऊक होते आणि उपायही त्यानेच बनवला. म्हणूनच ही उदाहरणे पुढे वारंवार चर्चिली गेली.

### खाजगी कंपन्या

होशिनो रिसॉर्ट्स या हॉटेल चालवणाऱ्या कंपनीत किंटोनचा वापर प्रत्यक्ष हॉटेलांतील कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचला आहे. त्याच वेळी कंपनीने आरक्षणासारख्या व्यवसायाच्या गाभ्याच्या प्रणालींसाठी स्वतःचे अभियंते नेमले. घरबांधणीचे साहित्य बनवणाऱ्या लिक्सिल कंपनीने ॲपशीटचे प्रशिक्षण संपूर्ण कंपनीत राबवले. तेथील कर्मचाऱ्यांनी बनवलेल्या ॲपची संख्या हजारोंत आहे. मात्र सर्व कंपनीभर वापरली जाणारी ॲप आणि व्यक्तिगत सोयीची ॲप यांत भेद करून त्यांची देखरेख वेगवेगळ्या पातळीवर ठेवावी लागते.

## मर्यादा आणि टीका

### बेवारस ॲप

जपानीत भटक्या कुत्र्या-मांजरांसाठी वापरला जाणारा नोरा हा शब्द कोणाच्याच देखरेखीखाली नसलेल्या ॲपसाठीही रूढ झाला आहे. जपानी सरकारी कार्यालयांत आणि मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांची दर काही वर्षांनी विभागबदली होते. ॲप बनवणारी व्यक्ती गेल्यावर त्यातील सूत्रे, मंजुरीचे नियम आणि अपवाद कोणालाच ठाऊक नसतात. ज्ञान एकाच माणसाशी बांधले जाण्याच्या या दोषास झोकुजिन्का म्हणतात. पूर्वी ज्ञान कंत्राटदाराकडे अडकत होते, आता ते एका सहकाऱ्याकडे अडकते, अशी टीका होते.

### विदेची रचना

चित्ररूप साधनामुळे पडदे झटपट तयार होतात, परंतु विदा कशी मांडावी हा प्रश्न सुटत नाही. एका विभागाने ग्राहकाचे नाव मुक्त मजकूर म्हणून आणि दुसऱ्याने ग्राहक क्रमांक म्हणून साठवल्यास दोन्हींची एकत्रित बेरीज करता येत नाही. अशा विसंगती ॲपची संख्या वाढल्यावरच लक्षात येतात आणि तेव्हा त्या दुरुस्त करणे खर्चिक असते.

### पुरवठादारावरील अवलंबित्व

लो-कोड साधनात बनवलेली प्रणाली सहसा दुसऱ्या साधनात जशीच्या तशी नेता येत नाही. गूगलने आपले ॲप मेकर हे साधन जानेवारी २०२१ मध्ये बंद केले, तेव्हा त्यावरील ॲप दुसरीकडे नव्याने बनवणे भाग पडले. दरवाढीचाही प्रश्न असतो. किंटोनच्या प्रमाणित योजनेचा मासिक दर नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रतिव्यक्ती १,५०० येनवरून १,८०० येन झाला आणि किमान वापरकर्त्यांची संख्या ५ वरून १० करण्यात आली. प्रतिव्यक्ती आकारणीमुळे वापर जितका पसरेल तितका खर्च वाढतो.

### सुरक्षा

ऑगस्ट २०२१ मध्ये अपगार्ड या सुरक्षा कंपनीने पॉवर ॲप्समधील पोर्टलांच्या चुकीच्या मांडणीमुळे सुमारे ३ कोटी ८० लाख नोंदी कोणालाही पाहता येत असल्याचे उघड केले. त्यांत अमेरिकेतील सरकारी विभागांच्या आणि खाजगी कंपन्यांच्या नोंदी होत्या. साधनात दोष नव्हता. तक्त्यांवरील परवानग्यांचे नियंत्रण मूळ स्थितीत बंद होते आणि बनवणाऱ्यांनी ते सुरू केले नव्हते. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने मूळ स्थिती बदलली.

### नियंत्रणाचे उपाय

या अडचणींवर पुढील उपाय योजले जातात:

* प्रत्येक ॲपची नोंद ठेवणे, त्याचा उत्तरदायी विभाग ठरवणे आणि न वापरलेली ॲप ठरावीक मुदतीनंतर बंद करणे;
* प्रत्येक ॲपला किमान दोन जाणकार असणे आणि बदलीच्या वेळी हस्तांतरणाची लेखी टिपणे देणे;
* ग्राहक, माल आणि कर्मचारी यांच्या मूळ याद्या एकाच ठिकाणी ठेवणे;
* नागरिकांची किंवा ग्राहकांची माहिती हाताळणारे ॲप सुरू करण्यापूर्वी संगणक विभागाकडून तपासून घेणे;
* विदा नियमितपणे बाहेर काढून जतन करणे, म्हणजे साधन बदलावे लागल्यास निदान नोंदी हाती राहतात.

## कंत्राटदार कंपन्यांवरील परिणाम

स्वनिर्मितीमुळे कंत्राटदार कंपन्या नाहीशा झालेल्या नाहीत. त्यांच्या कामाचे स्वरूप बदलत आहे. अनेक कंपन्या लो-कोड साधनांचे परवाने, प्रशिक्षण आणि सोबतीची सेवा विकतात. इंट्रा-मार्ट हे कार्यालयीन मंजुऱ्यांसाठी प्रचलित असलेले साधन एनटीटी डेटा समूहातीलच आहे. दुसरीकडे, ग्राहकाने परवाने घेऊनही ॲप बनवण्याचे सर्व काम पुन्हा कंत्राटदाराकडेच सोपवल्यास ते लो-कोडचे मारुनागे ठरते आणि मूळ उद्देश विफल होतो.

## भारत आणि महाराष्ट्राशी संबंध

जपानी कंपन्या आपल्या कामाचा काही भाग चीन, व्हिएतनाम आणि भारत येथेही देतात. भारतात या संदर्भात पुण्याला विशेष स्थान आहे. शहरात जपानी भाषेच्या अध्यापनाची जुनी परंपरा असून रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागातही जपानी शिकवली जाते. दोन्ही भाषा आणि तंत्र जाणणाऱ्या, जपानी ग्राहक आणि भारतीय चमू यांच्यातील दुव्याचे काम करणाऱ्या अभियंत्यास ब्रिज इंजिनिअर म्हणतात. ग्राहकच प्रणाली बनवू लागल्यास तपशीलवार आराखड्यांचे भाषांतर करण्याचे काम घटू शकते. मात्र मुख्य प्रणालींशी जोडणी, विदेची रचना आणि प्रशिक्षण यांसाठी अशा दुभाष्या अभियंत्यांची गरज उरते.

लो-कोड साधने भारतातही निर्माण झाली आहेत. चेन्नईच्या झोहो कंपनीचे क्रिएटर हे साधन २००६ पासून उपलब्ध असून योकोहामा येथील तिच्या उपकंपनीमार्फत कंपनी जपानमध्येही व्यवसाय करते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे त्याच नावाचे साधन मुक्तस्रोत आहे. त्यात तक्ते आणि पडदे मांडणीतूनच तयार होतात, आणि मूळ आज्ञावली खुली असल्याने ते स्वतःच्या संगणकावर चालवता येते. त्यामुळे एकाच पुरवठादारावर अवलंबून राहण्याचा धोका कमी होतो; परंतु ते चालवण्याची जबाबदारीही वापरकर्त्या संस्थेकडेच येते.

## हेही पाहा

* आउटसोर्सिंग
* डिजिटल परिवर्तन
* मुक्तस्रोत सॉफ्टवेअर
* एनटीटी डेटा
* जपानची अर्थव्यवस्था